स्पोर्ट्‌स कारला भोकांची डिस्क टाकावी का?

छत्रपती संभाजीनगरला गाड्यांची हौस जुनी आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या, ती बातमी देशभर गाजली होती. शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना आहे. आता जालना आणि संभाजीनगरवरून समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ज्यांच्या दारात ऑक्टाव्हिया व्हीआरएस, पोलो जीटी किंवा जुनी थ्री सिरीज बीएमडब्ल्यू उभी आहे, ती पोरं स्पेअर पार्टच्या दुकानात एक प्रश्न हमखास विचारतात: भोकांची, खाचांची ‘परफॉर्मन्स’ डिस्क, म्हणजे ब्रेकची चाकाबरोबर फिरणारी तबकडी, टाकली तर ब्रेक सुधारतील का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. फक्त रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्या डिस्कचा फारसा उपयोग नाही. तेच पैसे टायर, पॅड (डिस्कला घासणाऱ्या पट्ट्या) आणि ब्रेक ऑइलवर घातले तर गाडी कमी अंतरात थांबेल आणि घाटात दगा देणार नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्याला मात्र चांगली डिस्क लागतेच, तिथे काटकसर करू नये. असं का, हे समजायला थोडं गणित लागतं, पण ते शाळेतल्या विज्ञानापलीकडचं नाही.

पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधले, म्हणजे डिस्कला कवटाळणाऱ्या चिमट्यातले, पिस्टन दोन्ही बाजूंनी पॅड डिस्कवर आवळतात. घर्षण होतं आणि गाडीच्या गतीत साठलेली ऊर्जा उष्णता बनून डिस्कमध्ये उतरते. ब्रेकचं काम एवढंच. दीड टन वजनाची गाडी ताशी १२० वरून पूर्ण थांबवली तर सुमारे ८३० किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात पावणेतीन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल, आणि हे सगळं चार-पाच सेकंदांत. तीच गाडी ताशी ६० वरून थांबवली तर उष्णता निम्मी होत नाही, पाव होते, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. समृद्धीवरून उतरून जालन्याच्या गर्दीत शिरणाऱ्या ड्रायव्हरला हा फरक पायात जाणवतो, आकडे ठाऊक नसले तरी.

आता पहिला गैरसमज. गाडी डिस्क थांबवते, असं आपण धरून चालतो. डिस्क फक्त चाकाला थांबवते. गाडीला थांबवतो तो टायर, कारण रस्त्याला टेकलेला तोच असतो. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कडकड थरथरलं, म्हणजे एबीएस (चाक अडू न देणारी यंत्रणा) जागं झालं, तर समजावं की ब्रेकने टायरच्या कुवतीपेक्षा जास्त जोर आधीच लावला आहे आणि एबीएस तो जोर सोडून-धरून सांभाळतंय. अशा वेळी डिस्क मोठी असो, भोकांची असो की लाखाची, अंतर त्याने कमी होत नाही. चांगल्या नव्या टायरवर, कोरड्या डांबरावर, ताशी १०० वरून थांबायला साधारण ४४ मीटर लागतात. टायर जुना, कडक झालेला असेल आणि पकड शंभरातून नव्वदऐवजी सत्तरच उरली असेल, तर तेच अंतर ५६ मीटरवर जातं. बारा मीटर वाढले, आणि डिस्कला कुणी हातही लावलेला नाही. आपल्याकडे टायरची नक्षी शिल्लक दिसली की टायर चांगला समजतात. मराठवाड्याच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर नक्षी न झिजताही कडक होतं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. डिस्कचा भाव विचारण्याआधी तो शिक्का वाचावा.

मग चांगली डिस्क करते काय? ती उष्णता साठवते आणि हवेत टाकते, आणि हे पुन्हा पुन्हा करते. वरच्याच उदाहरणात पुढच्या चाकांवर साधारण ७० टक्के भार येतो असं धरा आणि पुढची एकेक डिस्क आठ किलोची माना. ताशी १२० वरून एकदा पूर्ण थांबल्यावर डिस्कचं तापमान सुमारे ८० अंशांनी वाढतं. बस, एवढंच. साधी कंपनीची डिस्क हे सहज पचवते. समृद्धीवर समोर आडवं आलेलं जनावर पाहून मारलेला एक ब्रेक कितीही जिवावरचा असला, तरी डिस्कच्या दृष्टीने तो हलकाच. तिला जड जातं ते लागोपाठचं ब्रेकिंग, म्हणजे निवायला वेळ न मिळता पुन्हा तापणं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची एक फेरी पाच किलोमीटरच्या आसपास आहे. लांब सरळ पट्ट्यावर वेग घ्यायचा, वळणाआधी तो सगळा उतरवायचा, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, आणि असं वीस मिनिटं. तिथे डिस्क पाचशे-सहाशे अंशांपर्यंत सहज जाते आणि साधे पॅड, साधं ऑइल हात टेकतं. डिस्क ब्रेकचं नाव जगभर झालं तेही अशाच कारणाने. १९५३ साली जॅग्वारने डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्या घेऊन ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. बंद डब्यासारख्या ड्रमचे ब्रेक तापून ढिले पडत होते आणि उघड्या हवेत फिरणारी डिस्क तासन्‌तास तशीच चालत होती.

मराठवाड्यात रेसिंग ट्रॅक नाही, पण घाट आहेत. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट घ्या, किंवा बीडजवळचा मांजरसुंब्याचा. समजा गाडी ३०० मीटर उंची उतरली. दीड टनाच्या गाडीची तेवढी ऊर्जा साधारण ४४०० किलोज्यूल होते. म्हणजे ताशी १२० वरून पाच वेळा पूर्ण थांबण्याइतकी. वेग कमी असल्यामुळे डिस्कवरून वारंही कमी वाहतं. गाडी न्यूट्रलला किंवा वरच्या गिअरला टाकून पेडलवर पाय ठेवून उतरत गेलात, तर ही सगळी उष्णता ब्रेकच्याच माथी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला उतरलात तर मोठा वाटा इंजिन उचलतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. परफॉर्मन्स डिस्क विकत घेऊन न्यूट्रलला घाट उतरणारा माणूस साध्या डिस्कवर गिअरमध्ये उतरणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, हे मी जबाबदारीने लिहितो.

घाटात ‘ब्रेक गेले’ म्हणतात तेव्हा सहसा डिस्क गेलेली नसते. दोन गोष्टी होतात. पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापला की घर्षण घटतं. पेडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट: ब्रेक ऑइल कॅलिपरमध्ये उकळतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल थेट तळाशी जातं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ती हद्द १५५ वर येऊ शकते. डॉट ३ ची २०५ वरून १४० वर येते. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८० आहेत. (डॉट ५ हे वेगळं, सिलिकॉनचं ऑइल आहे, ते यांच्यात मिसळायचं नाही.) आपल्या गॅरेजांत सर्व्हिसिंगला ऑइलची पातळी बघतात आणि कमी असेल तर वरून भरतात. वरून भरलेलं ऑइल टाकीत राहतं, कॅलिपरमध्ये जुनंच असतं, आणि उकळतं तेच. दर दोन वर्षांनी चारही चाकांवरून जुनं ऑइल काढून नवं भरून घ्यायला सांगा, आणि गाडीपाशी उभं राहून ते होताना बघा. ताजं ऑइल जवळजवळ पाण्यासारखं फिकट पिवळं असतं. कॅलिपरवरच्या निप्पलमधून चहाच्या रंगाचं निघालं तर समजा उशीर झाला होता.

इथे एक प्रश्न नेहमी येतो की आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ ला जातो, मग थंड देशांपेक्षा आपल्याला भारी डिस्क लागत असेल ना? नाही. ४०० अंशांवर गेलेली डिस्क २२ अंशांच्या हवेत जेवढी निवते, त्यापेक्षा ४२ अंशांच्या हवेत जेमतेम पाच टक्के कमी निवते. ऊन टायरला आणि माणसाला मारतं, डिस्कला त्याचं फार काही वाटत नाही.

आता भोकांकडे येऊ. भोकांची डिस्क म्हणजे चांगले ब्रेक हे समीकरण आपल्या डोक्यात मोटरसायकलवरून आलंय. पल्सरपासून बुलेटपर्यंत सगळ्या डिस्कना भोकं असतात. पण मोटरसायकलची डिस्क पातळ, स्टेनलेस स्टीलची असते आणि गाडीही हलकी. कारची डिस्क ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची असते. त्या लोखंडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात. त्यांच्यामुळे उष्णता लवकर पसरते आणि थरथर विरते, म्हणूनच इतक्या वर्षांत या धातूला रस्त्यावरच्या गाडीत परवडणारा पर्याय सापडलेला नाही. तोच धातू ताणाला मात्र कच्चा आहे. त्याला भोक पाडलं की भोकाच्या कडेशी ताण एकवटतो, आणि डिस्क तापून-निवून, तापून-निवून तिथून चिरा सुरू होतात.

पूर्वी भोकांचं कारण खरं होतं. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पॅडमधलं बाइंडर (मसाला बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) तापल्यावर वायू सोडायचं, तो पॅड आणि डिस्कमध्ये अडकायचा, आणि भोकांतून त्याला वाट मिळायची. आजच्या पॅडना ही अडचण फारशी येत नाही. पावसात पाण्याचा थर फुटायला भोकांचा थोडा उपयोग होतो, वजन थोडं घटतं, आणि जाळीच्या रिममधून ती छान दिसतात. दिसण्याला मी कमी लेखत नाही, हौसेला मोल असतं. फक्त दिसण्यासाठी घेतोय हे घेणाऱ्याला ठाऊक असावं. पोर्शे आपल्या रस्त्यावरच्या ९११ ला भोकांच्या डिस्क देते, पण तिथे भोकांची जागा डिस्कच्या दोन पदरांमधल्या पाकळ्या सांभाळून ठरवलेली असते आणि कडा घासून गोल केलेल्या असतात. आणि त्याच पोर्शेची शर्यतीची ९११ जीटी३ कप पाहिलीत तर तिला खाचांच्या डिस्क असतात, भोकांच्या नाहीत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डिस्कचं काय? एका गॅरेजमध्ये काढून ठेवलेली अशी एक डिस्क मी हातात घेऊन पाहिली. दोन भोकांमध्ये केसासारखी रेघ होती, नखाला लागत होती. डिस्क उन्हाकडे धरून भोकातून आत पाहिलं तर ड्रिल आतल्या पाकळीच्या अर्ध्यातून गेलेलं दिसत होतं. ज्या पाकळीने वारं खेचायचं आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंना आधार द्यायचा, तीच अर्धी कापली गेलेली. गाडी कॉलेजच्या पोराची होती, ट्रॅक त्याने टीव्हीवरच पाहिला असेल.

खाचांची डिस्क त्या मानाने प्रामाणिक आहे. खाचा आरपार नसतात, त्यामुळे चिरांचा धोका कमी. त्या पॅडचा पृष्ठभाग सतत खरवडून ताजा ठेवतात, तापलेल्या पॅडची पकड टिकते. त्या बदल्यात पॅड लवकर झिजतो आणि ब्रेक मारताना घर्रर्र आवाज येतो. ट्रॅकवर हा सौदा परवडतो, रोज ऑफिसला जाताना तो आवाज डोकं खातो.

खरा गुण डिस्कच्या आत असतो, बाहेर दिसत नाही. स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या डिस्क दोन पदरी असतात, मधे पाकळ्या असतात आणि फिरताना त्या आतून हवा ओढून बाहेर फेकतात. चांगल्या डिस्कमध्ये या पाकळ्या वक्र असतात, म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाची डिस्क वेगळी येते. काही डिस्क दोन भागांत येतात, मधली टोपी ॲल्युमिनियमची आणि घासणारी कडी बिडाची. तापल्यावर कडीला फुलायला जागा मिळते, ती वाकडी होत नाही, आणि चाकावरचं वजन घटतं. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याने पैसे इथे घालावेत.

कार्बन सिरॅमिकचं थोडक्यात. पोर्शेने २००१ च्या ९११ जीटी२ वर त्या आणल्या. वजन लोखंडाच्या निम्मं, गंज नाही, तापमानाला दाद देत नाहीत. किंमत मात्र लाखांत, आणि कड ठिसूळ. चाक काढता-घालताना रिम डिस्कवर आपटू नये म्हणून मार्गदर्शक पिना लावाव्या लागतात. पाचोडच्या फाट्यावर रात्री पंक्चर झालं आणि दुकानदाराने चाक धाडकन सरकवलं, तर त्या डिस्कच्या कडेचा टवका उडू शकतो. कंपनीने दिल्या असतील तर जपा, बाहेरून बसवायच्या भानगडीत पडू नका.

डिस्क बदलायचं दुसरं कारण म्हणजे थरथर. ताशी ८० च्या वर ब्रेक मारला की स्टीअरिंग हलतं, आणि लगेच निदान होतं की ‘डिस्क वाकली’. यात भारी डिस्क खपवणारे बरेच असतात. डिस्क खरोखर वाकण्याचे प्रसंग कमी. बहुतेक वेळा पॅडचा मसाला डिस्कवर एका जागी जास्त, एका जागी कमी बसलेला असतो, किंवा डिस्कची जाडी ठिकठिकाणी थोडी वेगळी झालेली असते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतका असला तरी हातांना जाणवतो. त्यामागे पुष्कळदा कारण असतं हबवरचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा, गंज. एका अनुभवी मेस्त्रीने मला दाखवलं होतं. नवी डिस्क टाकून महिना झाला नाही तोवर पुन्हा थरथरणारी गाडी त्याच्याकडे आली होती. डिस्क उतरवून त्याने हबच्या तोंडावर बोट फिरवलं, बोटाला तांबूस भुकटी लागली. “भाऊ, डिस्कला काय झालं नाही. खाली गंज तसाच ठेवून वर नवी बसवली, मग ती वाकडीच फिरणार ना!” तारेच्या ब्रशने हब घासला, डायल गेज (बारीक डगमग मोजायचं घड्याळ) लावून फिरवून पाहिलं, तीच डिस्क थोडी लेथवर घेतली, आणि काम झालं. लेथला देतानाही एक बघावं. डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क कितीही सपाट दिसली तरी भंगारात द्यायची.

मोठी डिस्क आणि मोठ्या कॅलिपरचा संच पुढे बसवण्याबद्दलही विचारतात. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल आणि एबीएसचं सगळं गणित मूळ मापावर बसवलेलं असतं. फक्त पुढचं वाढवलं की पुढची चाकं आधी अडतात, मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत, आणि थांबायचं अंतर वाढूही शकतं. चाकावरचं वजन वाढतं ते वेगळं. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीचा कंपनीचाच संच, सगळ्या जोडकामासह, बसत असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून माझा क्रम असा: आधी टायर, मग ब्रेक ऑइल, मग चांगल्या प्रतीचे पॅड. तेही रस्त्याचेच, कारण रेसिंगचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि सकाळी कॉलनीतून निघताना पहिल्याच गतिरोधकावर धडकी भरवतात. डिस्क जाडीला उतरली असेल तर नामांकित कंपनीची साधी, दोन पदरी डिस्क घ्या, नेहमी जोडीने. वर्षातून एक-दोनदा चेन्नई, कोइम्बतूर किंवा नोएडाच्या ट्रॅकवर जाणारे असाल, तर याच्यावर ट्रॅकला चालणारे पॅड आणि जास्त उत्कलनबिंदूचं ऑइल पुरतं. नियमित जाऊ लागलात आणि डिस्कवर निळसर डाग, बारीक चिरा दिसू लागल्या, की वक्र पाकळ्यांच्या, खाचांच्या, शक्य तर दोन भागांच्या डिस्क घ्या. तिथे त्या पैशाचं पूर्ण मोल देतात.

डिस्क कुठलीही घ्या, बसवल्यावर तिला पॅडशी जुळवून घ्यावं लागतं, आणि ही पायरी आपल्याकडे जवळजवळ सगळेच गाळतात. पॅडच्या पाकिटावर कंपनीची रीत दिलेली असेल तर तीच पाळा. नसेल तर पहाटे मोकळा, सरळ रस्ता बघा. मागे कुणी नाही याची खात्री करून ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या, असं आठ-दहा वेळा. पॅडचा थोडा वास येईल, तो यायलाच हवा. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्य तितका हात न लावता गाडी चालवत ठेवा. गरम डिस्क घेऊन चहाच्या टपरीवर थांबायचं नाही, आणि थांबलातच तर पेडल दाबून धरायचं नाही, नाहीतर पॅड जिथे टेकलेला असेल तिथेच मसाला सोडतो आणि पुढच्या आठवड्यात थरथर सुरू होते.